एल ग्रेको आणि सूतीन एकाच दालनात: ही जोडी टिकेल का?

अर्धवट_स्केच

मंडळी, जरा डोकं लावा. कलेतिहासाच्या अभ्यासक्रमात मला फक्त कागदावरचं एक प्रदर्शन मांडायचं आहे. चित्रकार दोनच घ्यायचे, दोघांत निदान शंभर वर्षांचं अंतर हवं, आणि दोघेही भावना ओतून रंगवणारे हवेत. चित्रं वीसच्या आसपास. पैशांची आणि वाहतुकीची चिंता करायची नाही, पण चित्रं खरी हवीत आणि ती कुठल्या संग्रहालयात आहेत ते लिहायचं.

मी एल ग्रेको (१५४१–१६१४) आणि खाइम सूतीन (१८९३–१९४३) निवडले. कारणं अशी: दोघांकडे माणसं ताणलेली, पिळवटलेली. दोघांकडे आकाश अंगावर येतं. दोघेही घर सोडून लांब गेले, एक क्रीट बेटावरून व्हेनिस-रोम करत स्पेनमधल्या तोलेदोला आणि दुसरा मिन्स्कजवळच्या खेड्यातून पॅरिसला. माझ्या यादीत 'तोलेदोचं दृश्य' (न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन) आणि शेजारी सूतीनची दक्षिण फ्रान्समधल्या सेरे गावातली निसर्गचित्रं आहेत. मग ग्रेकोचा लाल झग्यातला कार्डिनल आणि सूतीनचा लाल गणवेशातला बेलबॉय. नाव ठरवलंय 'वेदनेचा रंग'.

मॅडमनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलंय: "सारखी दिसतात. बरं, मग?"

त्या 'बरं, मग?'पाशी गाडी अडली आहे. अशा जोड्या संग्रहालयं कशाच्या जोरावर लावतात?

---

तिरका_ब्रश

तिकीटबारीच्या जोरावर. एक मेलेला मोठा, एक त्यातल्या त्यात अलीकडचा मोठा, दोन नावांमध्ये एक तिरपी रेघ, झालं प्रदर्शन.

रोमच्या गॅलेरिया बोर्गेझेत २००९ मध्ये जुना इटालियन चित्रकार काराव्हाज्जो आणि विसाव्या शतकातला ब्रिटिश चित्रकार बेकन एकत्र लावले होते. का? काराव्हाज्जोच्या मृत्यूला २०१० मध्ये चारशे वर्षं होत होती आणि बेकनच्या जन्माला २००९ मध्ये शंभर. पंचांग बघून जमवलेली सोयरीक! बेकनला आयुष्यभर झपाटलं ते स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने रंगवलेल्या पोप इनोसंटने. ते चित्र त्याच रोममध्ये, दोरिया पाम्फिली गॅलरीत. गंमत म्हणजे १९५४ मध्ये बेकन रोममध्ये असूनही ते बघायला फिरकला नाही, छापील प्रतींवरच त्याने पोप रंगवले. खरी जोडी ती होती. पण पोपची तारीख जुळत नव्हती ना.

तुमच्या मॅडम शहाण्या आहेत एवढंच म्हणतो.

---

भिंतवाला

तिरका_ब्रश नेहमीप्रमाणे अर्धं बरोबर बोललेत. पंचांग खरंच असतं. पण चांगल्या जोड्याही असतात, आणि त्या कशाने चांगल्या होतात हे सांगता येतं. मी मांडणीच्या कामात आहे. चित्रांची निवड माझ्याकडे नसते. भिंत, उंची, दिवे, दोन चित्रांमधलं अंतर हा माझा प्रांत. त्यामुळे माझं मत भिंतीकडून आलेलं आहे, पुस्तकाकडून कमी.

पहिलं काम: तोलेदो आणि सेरे ही जोडी शेजारून काढा. दोन्ही चित्रं ठेवा, शेजार मोडा.

कारण सांगतो. सारखी दिसणारी दोन चित्रं जवळजवळ लावली की लोक टेनिसचा सामना बघितल्यासारखी मान हलवतात. इकडे, तिकडे, इकडे, 'हो की, आकाश तसंच आहे', आणि पुढे. साम्य सापडलं की काम संपलं, चित्र बघायचं राहूनच जातं. मी हे दालनाच्या कोपऱ्यात उभा राहून अनेकदा पाहिलंय. शेजारी लावल्यामुळे दोन्ही चित्रं कमी बघितली जातात.

आणि मुळात ही दोन सारखी आहेत का? 'तोलेदोचं दृश्य' नीट बघा. वादळ सगळं वर आहे. ढग फाटलेत, उजेड हिरवट-पांढरा पडलाय, पण खाली इमारती सुईसारख्या ताठ उभ्या आहेत. नदी जागच्या जागी आहे. काठाला मुंगीएवढी माणसं आपापलं काम करतायत. इतकंच काय, ग्रेकोने कॅथीड्रल खऱ्या जागेवरून उचलून आपल्याला हवं तिथे नेऊन ठेवलंय. म्हणजे गाव त्याच्या मुठीत आहे. सेरेच्या चित्रांत (साधारण १९१९ ते २२) उलटा प्रकार. आकाशाला बहुतेक वेळा जागाच उरत नाही. घरं कलंडतात, रस्ता उभा राहून अंगावर येतो, झाड कुठे संपलं आणि छप्पर कुठे सुरू झालं ते कळत नाही. एकाकडे आभाळ खवळलंय आणि जमीन शाबूत आहे, दुसऱ्याकडे जमीनच सुटलीय. तुम्ही दोघांना 'अस्वस्थ' म्हणून एका गोणीत भरलंत.

ही अस्वस्थता येते कुठून, तेही तपासा. ग्रेको हा चर्चच्या कंत्राटावर काम करणारा माणूस. करार, मुदत, मोबदला आणि मोबदल्यावरून कज्जे. तोलेदो कॅथीड्रलसाठी 'एल एस्पोलिओ' (येशूची वस्त्रं उतरवतात तो प्रसंग) केलं तेव्हा पैशांवरून वाद झाला. येशूच्या डोक्यापेक्षा इतरांची डोकी वर का, असा आक्षेपही निघाला. 'संत मॉरिसचं हौतात्म्य' दुसऱ्या फिलिप राजाला पसंत पडलं नाही आणि वेदीसाठी दुसऱ्याकडून चित्र करून घेतलं गेलं. ज्याला आपण आत्म्याचा आकांत म्हणतो त्यावर त्या काळात मूल्यमापन करणारे बसत होते.

पाचेको (हा वेलास्केझचा गुरू आणि सासरा) १६११ मध्ये ग्रेकोला भेटायला गेला होता. त्याने लिहून ठेवलंय की ग्रेकोच्या कामाच्या खोलीत मातीच्या प्रतिकृती होत्या, ज्यांवरून तो चित्रातल्या आकृती ठरवायचा. आणि आजवर रंगवलेल्या सगळ्या चित्रांच्या छोट्या तैलप्रती त्याने जपून ठेवल्या होत्या. पाचेकोला एक गोष्ट खटकली. ग्रेको चित्रं पुन्हापुन्हा हाताखालून घालायचा आणि शेवटी मुद्दाम राकट फटकारे मारून ठेवायचा, सहज हातातून उतरल्यासारखं वाटावं म्हणून. नीट वाचा: ते राकटपण शेवटी, ठरवून, वरून दिलेलं आहे.

आता सूतीन. समोर वस्तू असल्याशिवाय याचा ब्रश हलत नसे. १९२५च्या सुमारास स्टुडिओत आख्खा सोललेला बैल टांगला, मांस काळवंडायला लागलं की त्यावर रक्त ओतून ताजं करायचा. वासाने शेजारी हैराण, प्रकरण अधिकाऱ्यांपर्यंत गेलं. आणि जुनी चित्रं हाताखालून घालण्याबद्दल म्हणाल तर सेरेची चित्रं त्याला नंतर डोळ्यांसमोर नको झाली होती, सापडतील तेवढी त्याने फाडली, नष्ट केली. एकजण आपल्या प्रत्येक चित्राची प्रत सांभाळतो, दुसरा मूळच फाडतो.

ही तुमची जोडी. दोघांचा फटकारा राकट, पण एकाचा शेवटी येतो आणि दुसऱ्याचा पहिल्या क्षणाला. 'बरं, मग?'चं उत्तर मला इथे दिसतं. वेदना बिदना राहू द्या.

कार्डिनल आणि बेलबॉय मात्र ठेवा, शेजारीच. (ही जोडी बघून मला तुमच्याबद्दल आशा वाटली.) लाल हा फक्त दार उघडायला आहे. आत गेल्यावर हात बघायचे. ग्रेकोचा कार्डिनल, बहुधा निन्यो दे गेवारा, इन्क्विझिशनचा (धर्मद्रोह तपासणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा) प्रमुख. चष्म्याआडून बघतोय, खाली फरशीवर एक कागद पडलाय, त्यावर चित्रकाराची ग्रीक अक्षरांतली सही. एक हात खुर्चीवरून निवांत लोंबतोय. दुसऱ्याने खुर्चीचा हात असा आवळलाय की सगळं सिंहासन त्या बोटांवर तोललंय. चेहरा काहीच सांगत नाही, तो एक हात चहाडी करतो. आता पॉम्पिदूमधला बेलबॉय. गुडघे फाकवून बसलाय, हात कमरेशी, लाल गणवेश अंगावर घातलाय की गणवेशाने त्याला घातलंय ते कळत नाही. चेहरा, कान, मान, सगळं वाकडं. इथे चहाडी करायला एकच अवयव नेमलेला नाही, सगळं शरीरच बोलून बसलंय. एक हुकूम देणारा, एक हुकूम घेणारा, दोघांच्या अंगावर लाल. दोघेही बसलेले, दोघेही आपल्याकडे बघतायत.

सुरुवातीला सारखी, आणि जरा थांबलं की भांडायला लागतात. अशा जोड्या शोधा. वीस चित्रांत अशा तीन-चार मिळाल्या तरी पुष्कळ. बाकीची चित्रं एकटी राहू द्या. प्रत्येकाचं लग्न लावायची गरज नाही.

---

अर्धवट_स्केच

भिंतवाला, खूप धन्यवाद, दोनदा वाचलं. दोन शंका.

एक: तुमचंच म्हणणं धरलं तर रेम्ब्रांट घेणं जास्त सरळ नाही का? सूतीनचा बैल थेट रेम्ब्रांटच्या लूव्हरमधल्या 'सोललेल्या बैला'वरून (१६५५) आलाय, माशांची चित्रं फ्रेंच चित्रकार शार्दांच्या 'ल रे' या चपट्या माशाच्या चित्रावरून (१७२८). ग्रेकोबद्दल सूतीनला ओढ होती असं सगळे म्हणतात, पण असं चित्राला चित्र दाखवता येत नाही.

दोन: ग्रेको शेवटी वरून राकटपणा देत असेल तर मग तो 'भावना ओतून रंगवणारा' कसा? अटीत बसतो का?

---

भिंतवाला

रेम्ब्रांट सरळ आहे, म्हणूनच मी घेतला नसता. बैलाशेजारी बैल लावला की प्रेक्षक उत्तर घेऊनच दालनात शिरतो. पाटीवर 'यावरून हे केलं' लिहिलं की विषय आटोपला. शिवाय ती गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की तुमच्या मॅडम दुसरी पेन्सिल काढतील. चित्राला चित्र दाखवता येत नाही ही ग्रेको-सूतीनची अडचण नाही, मोकळीक आहे. प्रभाव सिद्ध करण्याचं ओझं नाही. फक्त पाटीवर प्रभावाचा दावा करू नका.

पुरावा भक्कम असूनही जोडी जिवंत राहिल्याचं उदाहरण हवं असेल तर २०२१चं सूतीन आणि अमेरिकी चित्रकार द कूनिंग यांचं प्रदर्शन बघा, फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहालयात आणि मग पॅरिसच्या ओरांजेरी संग्रहालयात. द कूनिंगने न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातलं १९५० चं सूतीन प्रदर्शन पाहिलं होतं, १९५२ मध्ये बार्न्सचा संग्रह पाहिला होता, आणि त्याच सुमारास तो आपली 'वूमन'ची चित्रं रंगवत होता. पुरावा पक्का. तरी मजा कशात आहे? द कूनिंगची चित्रं बघून परत सूतीनकडे वळलं की सूतीनचं मांस मांस राहत नाही, निव्वळ रंग दिसायला लागतो. नंतरच्याने आधीच्याला बदललं. माझी कसोटी हीच: जोडीतून बाहेर पडताना जुना चित्रकार बदललेला दिसला पाहिजे. फक्त नवाच मोठा झालेला दिसत असेल तर तिरका_ब्रश म्हणतात ते तिकीटबारीचं काम.

दुसरी शंका जास्त चांगली आहे. 'भावनेचा चित्रकार' हा ग्रेको घडवला कोणी? बराच काळ त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९०२ मध्ये झालं. मग दहा वर्षांत तो नव्या चित्रकारांचा लाडका झाला. म्युनिकमध्ये १९१२ साली 'ब्लाउए राइटर' या नव्या चित्रकारांच्या गटाने आपलं वार्षिक काढलं, त्यात ग्रेकोचा संत योहान आणि त्या काळातला चित्रकार दलोनेचा आयफेल टॉवर समोरासमोरच्या पानांवर छापले. म्हणजे तुमचं प्रदर्शन तेव्हाच सुरू झालं, भिंत नव्हती एवढंच. सूतीन १९१३ मध्ये पॅरिसला उतरला तो अशा हवेत.

आणि हे ऐका. मेट्रोपॉलिटनमध्ये ग्रेकोचं 'पाचव्या मुद्रेचं उघडणं' (बायबलमधला जगाच्या अंताचा प्रसंग) आहे. डावीकडे निळ्या झग्यातला संत योहान, हात वर फेकलेले, आणि वर काहीच नाही. काय आधुनिक वाटतं! हात पोकळीत, उत्तर न मिळालेली हाक, वगैरे वगैरे. वस्तुस्थिती अशी की १८८० मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली चित्राचा वरचा भाग कापून टाकला, थोडाथोडका नाही, पुरुषभर उंचीचा. हात जिकडे पोचत होते ते कात्रीत गेलं. नंतर हेच कापलेलं चित्र पॅरिसमध्ये स्पॅनिश चित्रकार झुलोआगाच्या घरी होतं आणि पिकासोने ते तिथे पाहिलं, तो आपलं 'आव्हीन्योच्या तरुणी' हे चित्र करत होता त्या काळात. विसाव्या शतकाला भावलेला ग्रेको थोडासा कात्रीनेही घडवला आहे.

म्हणून तुमच्या दालनात दोन नाहीत, तीन जण आहेत: ग्रेको, सूतीन, आणि ग्रेकोला सूतीनच्या काळाच्या डोळ्यांनी बघणारे आपण. अटीत बसतो का? तुमच्या मॅडमना हा प्रश्नच पहिल्या दालनात लटकवलेला दाखवा. 'पाचवी मुद्रा' एकटी लावा. शेजारी सूतीन नको.

---

वार्निश

भिंतवाला मांडणीबद्दल बोलतायत, मी डागडुजीच्या बाजूने थोडी भर घालते. 'वाहतुकीची चिंता नाही' म्हणून प्रकाशाची चिंता सोडू नका, कारण जोडीत तोच पहिला नडतो.

ग्रेकोकडे खाली लालसर-तपकिरी अस्तर, वर पातळ पारदर्शक थर, वर वॉर्निश. दिवा थोडा चुकला की वॉर्निशवर पांढरा चट्टा उठतो आणि गडद भाग आरसा होतात. सूतीनकडे रंगाचे वरंबे आहेत. त्याला बाजूने थोडा प्रकाश मिळाला तरच ते वरंबे सावली टाकतात आणि चित्र जागं होतं. सरळ समोरून प्रकाश टाकलात तर सूतीन सपाट. म्हणजे शेजारी लावलेल्या दोन चित्रांना एकच दिवा चालत नाही. शिवाय जाड थर प्रवासातल्या हादऱ्यांना भितो, देणारं संग्रहालय काच लावायला सांगतं, आणि काचेला तिसराच कोन लागतो. बेकनला स्वतःलाच काच आणि सोनेरी चौकट हवी असायची, त्यात प्रेक्षकाचं प्रतिबिंब आलं तरी त्याची हरकत नव्हती. सूतीनच्या बाबतीत मला ते सहन होत नाही.

तुम्ही सगळं तैलरंगात घेतलंत हे एक बरं केलंत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा शीले आणि आजची चित्रकार जेनी सॅव्हिल अशी जोडी झुरिकच्या कुन्स्टहाउसमध्ये २०१४ मध्ये लागली होती. कल्पना जबरदस्त. पण विचार करा: शीलेचा पुष्कळसा जीव कागदावर, हातभर आकाराचा, आणि कागदाला ५० लक्सच्या (हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड द्यायचा नाही. सॅव्हिलचे कॅनव्हास दोन-दोन मीटरच्या पुढचे, तैलरंगाला दीडशे-दोनशे लक्स चालतात. एक अंधारात कुजबुजतो, दुसरी उजेडात ओरडते. त्यांना एका नजरेत आणणं हे शुद्ध घामाचं काम आहे.

जाता जाता: सूतीन जुन्या बाजारातून जुनी रंगवलेली चित्रं विकत घेऊन त्यांवरच रंगवायचा, कोरा कॅनव्हास त्याला फारसा रुचत नसे. म्हणजे त्याच्या चित्राखाली पुष्कळदा कुणीतरी जुना चित्रकार खरोखरच असतो. तुमच्या विषयाला हे फुकटात मिळालंय, वापरा.

---

निळी_शाई

वार्निशताई, शेवटचा परिच्छेद म्हणजे सोनं आहे!

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. जोडी कोण लावतंय याने फार फरक पडतो. आजची ब्रिटिश कलाकार ट्रेसी एमिन आणि नॉर्वेचा चित्रकार मुंक यांचं 'द लोनलीनेस ऑफ द सोल' लंडनच्या रॉयल अकॅडमीत २०२० च्या शेवटी उघडलं, नंतर ऑस्लोला गेलं. त्यात मुंकची चित्रं स्वतः एमिनने निवडली होती. मुंक १८६३ चा, ती १९६३ ची. तिने १९९८ मध्येच मुंकला उद्देशून एक छोटी फिल्म केली होती, ऑसगोर्डस्ट्रान्डच्या धक्क्यावर, जिथे मुंकचं घर होतं. तिने त्याच्या प्रसिद्ध 'किंकाळी' चित्रामागे न धावता मुंकच्या स्त्रिया निवडल्या: रडणारी नग्न स्त्री, पलंगाशी उभी असलेली, अशा. त्यामुळे मुंक हा बायकांना घाबरणारा चित्रकार ही ठरलेली गोष्ट जरा हलली. भिंतवालांच्या कसोटीत हे बसतं, जुना बदलला.

पण अर्धवट_स्केच यांच्या जोडीत दोघेही हयात नाहीत. कोणी कोणाला निवडलेलं नाही. तेव्हा निवडणारी तुम्ही आहात, हे पाटीवर दिसू द्या. 'या दोघांचं नातं आहे' असं आकाशवाणीसारखं सांगण्यापेक्षा 'मी यांना समोरासमोर ठेवलं, कारण...' असं लिहा.

---

तिरका_ब्रश

एमिनच्या बाबतीत सहमत नाही. मुंकच्या शेजारी ज्याला ठेवाल तो खोल दिसतो, आणि एमिनचे मोठे, ओघळ सोडलेले कॅनव्हास मुंकच्या छोट्या जलरंगांवर चढून बसत होते. पण तो वाद पुन्हा कधीतरी.

बार्न्सचा विषय निघालाच आहे तर सांगतो, अशा जोड्यांचा बाप तोच. ते संग्रहालय उभारणाऱ्या डॉ. बार्न्सने १९२२-२३ मध्ये सूतीनची डझनावारी चित्रं उचलली आणि त्याची गरिबी एका फटक्यात संपवली. आणि आपल्या भिंतींवर जुने-नवे चित्रकार सरमिसळ लावले, मधूनमधून लोखंडी बिजागऱ्या आणि कुलपं टांगली, पाट्या शून्य! कोण कुणाला का शेजारी, ते तुम्ही शोधा. मला हे आजच्या तिरप्या रेघेवाल्या प्रदर्शनांपेक्षा प्रामाणिक वाटतं. तुम्हीही पाट्या काढून टाका.

---

भिंतवाला

पाट्या काढू नका. बार्न्सला परीक्षेत गुण मिळवायचे नव्हते.

उंचीबद्दल एक राहिलं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, हा रोजचा हिशेब. सूतीनला तो चालतो, उलट थोडं खाली आणलं तरी चालतं. ग्रेकोची वेदीवरची चित्रं मात्र खालून, लांबून, मान वर करून बघण्यासाठी केलेली. प्रादोमधलं 'मेंढपाळांचं वंदन' त्याने स्वतःच्या थडग्याच्या वेदीसाठी केलं होतं, तीन मीटरच्या वर उंच. असं चित्र दालनात डोळ्यांसमोर आणलं की लांबवलेले देह विचित्र दिसतात आणि लोक म्हणतात, बघा, कसा पिळवटून रंगवायचा! जरा खाली बसून वर बघा, बराचसा पीळ सुटतो. तेव्हा एक मोठं ग्रेको उंचावर लावा, खरंच उंचावर, आणि त्याच्यासमोर बाक ठेवा. सूतीनचा बैल त्याच दालनात आणायचा असेल तर लांबच्या भिंतीवर, खाली. दोघांत मान वर-खाली व्हायला हवी.

---

अर्धवट_स्केच

यादी पुन्हा मांडली. बघा जमतंय का.

पहिल्या दालनात 'पाचवी मुद्रा' एकटी. पाटीवर कात्रीची गोष्ट आणि १९१२ च्या त्या दोन पानांचा उल्लेख. दुसऱ्यात ग्रेकोचं 'मेंढपाळांचं वंदन' उंचावर, बाक, आणि समोरच्या लांब भिंतीवर सूतीनचा बैल (ग्रनोबलच्या संग्रहालयातला, तोही दोन मीटर उंच आहे). तिसऱ्यात कार्डिनल आणि बेलबॉय, दोघेच, दिवे वेगवेगळे. चौथ्यात सेरेची चित्रं एकटी, 'तोलेदो' तिथून दिसणार नाही अशा ठिकाणी, बाहेर पडायच्या वाटेवर. म्हणजे सेरेच्या सुटलेल्या जमिनीवरून आलेल्या माणसाला तोलेदोच्या ताठ इमारती भेटतील. मग जुना बदलला का, ते त्याचं त्याने ठरवावं. मधल्या जागा अजून भरायच्या आहेत. पाचेकोची हकीकत आणि वार्निश यांनी सांगितलेले जुने कॅनव्हास एकाच पाटीवर घेतेय.

'वेदनेचा रंग' मात्र अजून सोडवत नाहीये.

---

वार्निश

बैल आणि वेदीचं चित्र एका दालनात, आवडलं. बैलाला डावीकडून दिवा द्या, वरून नको.

---

भिंतवाला

तोलेदो शेवटी, हे मला सुचलं नव्हतं, उत्तम. मधल्या जागांसाठी एक: लूव्हर वगैरे धुंडाळण्याआधी ग्रेकोची साधी व्यक्तिचित्रं बघा, पांढऱ्या चुणीदार कॉलरवाली, प्रादोत रांगेने आहेत. त्यांत काहीच ताणलेलं नाही. सूतीनच्या कुठल्याही चेहऱ्याला ती जड जातील, आणि जाऊ द्या.

नावाचं म्हणाल तर 'वेदनेचा रंग' वाचून मी दारातूनच परत फिरेन. कार्डिनलला कसली वेदना? नुसतं 'ग्रेको, सूतीन' लिहा. तिरपी रेघ नको, नाहीतर तिरका_ब्रश परत येतील.

---

तिरका_ब्रश

आलोच आहे. स्वल्पविराम चालेल.